पऱ्याला वाट ठेवून रस्ता रुंद करा

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक पऱ्या आहे. पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा लहान ओढा. खाली सिंधुदुर्गात त्यालाच व्हाळ म्हणतात. जूनमध्ये तो जागा होतो, गणपतीत दुथडी भरून वाहतो, दिवाळीनंतर त्याचा आवाज कमी होत जातो आणि शिमग्याला गावी जावं तर नुसते गोटे उरलेले असतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची मोजणी आमच्याकडे झाली ती शिमग्याच्याच आसपास. मोजणीवाल्यांबरोबर काका दिवसभर फिरले. गोट्यांच्या त्या पट्ट्याशी थांबून त्यांनी सांगितलं, "सायब, पावसात हितनं कमरेइतकं पानी जातं." साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "काळजी करू नका काका, मोरी टाकू."

मोरी पडली. पण ती होती सिमेंटच्या एका पाइपची, लहान पोरगं वाकून पलीकडे जाईल एवढी. तिच्यावर दोन पुरुष उंचीचा मुरमाचा भराव. पहिल्याच मोठ्या पावसात डोंगरातून आलेला पाचोळा, मोडक्या फांद्या आणि कटिंगची मोकळी माती पाइपच्या तोंडाशी अडकली. पाणी भरावामागे तुंबलं आणि रात्री कधीतरी भरावाची एक बाजू सोबत घेऊन काकांच्या खाचरात उतरलं. लावणी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी बघतो तर खाचरात ढोपरभर लाल चिखल, आणि रोपांची टोकं तेवढी वर. काका त्या चिखलात उतरून एकेक चूड हाताने मोकळी करत होते. दुपारपर्यंत त्यांनी जेमतेम एक कोपरा सोडवला. तिकडे वर रस्त्याचीही एक बाजू खचली होती आणि मुंबईकडे जाणारे ट्रक एकाच पट्टीवरून मुंगीच्या पावलाने सरकत होते.

ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कारण त्यात नुकसान दोघांचं होतं. शेताचंही आणि रस्त्याचंही. रस्ता हवा की पर्यावरण हवं, असा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं घातला जातो. त्या सकाळी एकाच पाण्याने दोन्ही नेलं होतं.

आधी स्पष्ट सांगतो : हा रस्ता रुंद व्हायलाच हवा. ज्यांनी गणपतीत पेणपासून रांगेत उभं राहून गाव गाठलंय, ज्यांनी जुन्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या टँकरला चुकवताना गाडी साइडपट्टीवर उतरवलीय, ज्यांच्या घरातलं कुणी त्या वळणांवर गेलंय, त्यांना रुंदीकरणाची गरज पटवून द्यावी लागत नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची ही एकच मोठी नाडी आहे. पनवेलपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत साधारण 470 किलोमीटर. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग 17 होता, आता 66 आहे. पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल दहावीच्या वर्गात पोचलं, तरी हा रस्ता पनवेलपासून शेवटपर्यंत सलग आणि धड पूर्ण झाला नव्हता.

या उशिराचं खापर झाडं वाचवणाऱ्यांच्या डोक्यावर फुटतं तेव्हा मला राग येतो. कर्नाळ्याच्या पट्ट्यात परवानग्यांना वेळ लागला, हे खरं आहे. 1968 मध्ये घोषित झालेलं ते पक्षी अभयारण्य. महामार्ग त्याच्या पोटातून जातो, तेव्हा तिथे थांबून विचार करणं भागच होतं. पण कर्नाळा म्हणजे काही किलोमीटरचा तुकडा. बाकीचे शेकडो किलोमीटर कुणी अडवले? भूसंपादनाचे घोळ, मोबदल्याचे वाद, मध्येच काम सोडून गेलेले ठेकेदार, नव्याने काढलेल्या निविदा. यात एकाही खवल्या मांजराचा हात नव्हता. आणि मनात आणलं की कामं किती लवकर होतात, हेही याच रस्त्याने दाखवलंय. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी बसगाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच ठिकाणचा नवा पूल 165 दिवसांत बांधून झाला आणि पुढच्या वर्षी 5 जूनला खुला झाला. त्या कामात कुणाला पर्यावरणाची अडचण आली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मी जोर देऊन मांडणार आहे : पाण्याची वाट, डोंगराचा उतार, जुनी झाडं आणि जनावरांची ये-जा हे सगळं रस्त्याच्या मूळ आराखड्यात आणि मूळ अंदाजपत्रकात असलं पाहिजे. खडी, सळई, सिमेंट ज्या कागदावर लिहिली जातात त्याच कागदावर. आपल्याकडे आधी रस्ता आखतात, मग त्याने होणाऱ्या नुकसानीवर उपाय म्हणून शेवटचं एक प्रकरण जोडतात. पैसे कमी पडले की पहिली कात्री त्याच प्रकरणाला लागते.

घाटातलं उदाहरण घेऊ. खेड तालुक्याच्या दोन टोकांना दोन घाट आहेत. उत्तरेला पोलादपूरकडून येताना कशेडी, दक्षिणेला चिपळूणकडे उतरताना परशुराम. एकाच रस्त्यावरचे, एकाच सह्याद्रीचे. कशेडीत डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे काढले. त्यांतला एक 2023 च्या गणपतीत वाहनांना खुला केला, आणि अर्धा-पाऊण तास खाणारा घाट काही मिनिटांवर आला. बोगद्यात पाणी झिरपण्याच्या तक्रारी झाल्या, त्या खऱ्या आहेत. पण वरचा डोंगर, त्याच्यावरचं रान आणि त्याचा उतार जागेवर राहिला. परशुराम घाटात डोंगर कापला. वर परशुराम गाव, खाली पायथ्याशी पेढे गाव, मध्ये कापलेली उभी भिंत. 2022 मध्ये काम उरकण्यासाठी हा घाट रोज ठरावीक तास बंद ठेवावा लागला. पावसाळ्यात दरडींमुळे पुन्हा बंद. वाहनं कळंबस्ते-आंबडस-चिरणी-लोटे अशा गावरस्त्यांनी वळवली गेली. पुढे जाळ्या आल्या, संरक्षक भिंती आल्या, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या आल्या. बोगदा महाग आणि कटिंग स्वस्त, हा हिशेब फक्त पहिल्या वर्षापुरता खरा असतो.

कापलेला डोंगर जवळून बघितला तर हे कुणालाही कळेल. आमच्या इथली एक ताजी कटिंग मी काकांबरोबर बघायला गेलो होतो. वर पुरुषभर जांभा, भोकाभोकांचा, विटकरी. त्याच्याखाली पांढुरकी-पिवळी चिकण माती, हातात घेतली तर साबणासारखी बुळबुळीत. आणि दोन्हींच्या सांध्यातून ऐन मार्चमध्ये पाण्याचे बारीक थेंब ओघळत होते. जांभा पाणी पितो, खालची चिकण माती पीत नाही. म्हणून पाणी त्या सांध्यावरून सरकत बाहेर येतं. डोंगर अखंड असतो तोवर त्याचा झरा होतो. पायथा उभा कापला की तोच सांधा घसरगुंडी होतो. काकांनी त्या ओल्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो आपल्या विहिरीचा झरा." त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने एप्रिलमध्येच तळ गाठला. दोन्हींचा संबंध मी प्रयोगशाळेत सिद्ध करू शकत नाही, पण ज्या तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी इथे जमिनीच्या भेगांतून गरम पाणी वर येतं, तिथे डोंगराच्या आत पाण्याच्या वाटा आहेत हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

मग कापायचंच नाही का? कापावं लागेल, सगळीकडे बोगदे परवडणार नाहीत. पण कापण्याचीही रीत असते. चिकण मातीचा डोंगर उभा कापायचा नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी मागे न्यायचा. प्रत्येक पायरीवर पाणी वाहून नेणारं पक्कं गटार हवं, माथ्यावर पाणी अडवून बाजूला काढणारा चर हवा, आणि उघड्या उतारावर पहिल्याच पावसाआधी मुळं धरणारं गवत हवं. वाळ्याची मुळं काही मीटर खोल जातात, आणि वाळा काही परदेशातून आणायचा नाही. या सगळ्याला जागा लागते. इथेच गोम आहे. उतार मागे न्यायचा तर जास्त जमीन घ्यावी लागते. ती घेतली नसते, म्हणून जेवढी हातात आहे तेवढ्यातच रस्ता बसवायला डोंगर उभा कापला जातो.

याच्या उलट चित्र सपाटीवर. चार पदरांचा प्रत्यक्ष डांबरी वा काँक्रीटचा भाग म्हणजे साडेतीन मीटरचे चार पट्टे, एकूण 14 मीटर. दुभाजक, साइडपट्ट्या, गटारं धरली तरी त्याच्या दुपटीच्या आसपास. नियमपुस्तिकेप्रमाणे चौपदरी महामार्गासाठी जमीन धरली जाते साधारण 60 मीटर रुंद. भविष्यात सहा पदर लागतील म्हणून जमीन ताब्यात ठेवणं समजू शकतं. पण ताब्यात घेतलेली जमीन आजच्या आज मुंडण केली पाहिजे असं कुठे लिहिलंय? मोजणीच्या दगडाच्या आत आलेलं प्रत्येक झाड तोडायच्या यादीत जातं, मग ते प्रत्यक्ष रस्त्यापासून दहा मीटर लांब का असेना. म्हणजे जिथे जास्त जागा हवी तिथे ती कमी, आणि जिथे कमीत भागतं तिथे सरसकट साफ. पनवेलच्या खाजणाला, संगमेश्वरच्या डोंगराला आणि कुडाळच्या सपाटीला एकच मोजपट्टी लावल्याचा हा परिणाम आहे.

झाडांविषयी बोलायचं तर मला आमच्या थांब्यावरचा वड सांगावा लागेल. एसटीचा थांबा म्हणून वेगळी शेड नव्हती, वड हाच थांबा. मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला "वडाकडे थांबवा" एवढंच सांगायचं. पावसात त्याच्याखाली चाळीस माणसं कोरडी उभी राहायची. त्याला तोडायला दीड दिवस लागला. पहिल्या दिवशी संध्याकाळी फांद्या गेल्या आणि नुसतं खोड उभं राहिलं, तेव्हा त्याच्यावर वस्तीला येणारे बगळे अंधार पडेपर्यंत वरून घिरट्या घालत होते. आता तिथे दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आहे. फुलते छान. पण तिच्याखाली उभं राहता येत नाही.

हा वड वाचला असता का? मी म्हणतो, वाचला असता, आणि रस्ताही झाला असता. रुंदीकरण दोन तऱ्हांनी करता येतं. जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढवायचं, किंवा सगळी वाढ एकाच बाजूला करायची. दोन्ही बाजूंनी वाढवलं की दोन्हीकडची झाडं जातात. एकाच बाजूला वाढवलं की निदान एक रांग पूर्ण वाचते. त्याहून चांगलं म्हणजे जुना रस्ता झाडांसकट तसाच ठेवून तो जाण्यासाठी वापरायचा, येण्याचा नवा रस्ता थोडं अंतर सोडून काढायचा, आणि मधली जुनी झाडं हाच दुभाजक. समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप अडवायला असा दुभाजक फार कामाचा. त्यासाठीच तर कण्हेर लावतात. झाडांपुढे कठडा लागेल, घाटात आणि गावठाणात हे जमणार नाही. पण शेकडो किलोमीटरच्या रस्त्यात जिथे जमण्यासारखं होतं तिथे तरी ते का झालं नाही, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

हे नुसतं स्वप्नरंजन नाही. 2020 साली सांगली जिल्ह्यात मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळचा सुमारे 400 वर्षांचा वड अशाच रुंदीकरणात जाणार होता. गावकरी आणि निसर्गप्रेमी उभे राहिले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्ते मंत्र्यांना पत्र लिहिलं आणि आखणी बदलली. रस्ता अडला नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागते : एका झाडासाठी मंत्र्याचं पत्र लागलं. ज्यांचा आवाज तिथवर पोचत नाही त्या गावांच्या वडांनी काय करायचं?

कायदाही अर्धवट आहे. 2021 मध्ये राज्याने वृक्ष संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं, आणि असं झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावून सात वर्षं जगवण्याची अट घातली. ही चांगली गोष्ट झाली. पण तो कायदा शहरी भागापुरता आहे. म्हणजे चिपळूण नगरपरिषदेच्या हद्दीतला वड हा वारसा, आणि हद्द ओलांडून दहा पावलांवरचा तितकाच जुना वड म्हणजे नुसतं लाकूड. महामार्गांची बहुतेक लांबी खेड्यांतून जाते. हे कलम तिथे आधी हवं होतं. केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या एक टक्का रक्कम वृक्षलागवडीसाठी ठेवायची तरतूद आहे. पैसा आहे, पण लावलेलं रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहे का हे बघून ठेकेदाराचं बिल अदा होत नाही तोवर एक टक्क्याचे नुसते खड्डे पडत राहतील.

आता ज्या उदाहरणामुळे मला ठामपणे बोलायचं बळ मिळतं ते सांगतो. ते विदर्भातलं आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, जुना 7. मनसर ते खवासा या भागात तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. पेंच आणि कान्हा यांच्यातली वाघांची ये-जा याच पट्ट्यातून होते. रस्त्याचं चौपदरीकरण करायचं ठरलं आणि वाद पेटला. वर्षानुवर्षं न्यायालयात चालला. एक बाजू म्हणे रस्ता होऊच नये, दुसरी म्हणे एवढा खर्च जनावरांसाठी कशाला. शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासावरून ठरलं की जनावरं जिथून ओलांडतात तिथे रस्ताच खांबांवर उचलायचा. तिथे असे नऊ मार्ग झाले. सर्वांत लहान 50 मीटरचा, सर्वांत लांब 750 मीटरचा. वरून ट्रक, खालून रान.

जनावरं त्याखालून जातील का, हीच सगळ्यांना शंका होती. संस्थेने खाली कॅमेरे लावले. 2019 च्या मार्च ते डिसेंबर या काळात 18 जातींच्या सस्तन प्राण्यांनी ते मार्ग वापरल्याची नोंद झाली. वाघ 89 वेळा खालून गेले. माझ्यासारख्या माणसाला हा आकडा वाचून भरून येतं. वाघाला कुणी पाटी वाचून दाखवली नव्हती. त्याच्या पायाखालची वाट तिथेच राहिली, म्हणून तो गेला. आणि त्याच वेळी वरचा रस्ता चार पदरी झाला, हे विसरू नका.

पेंचला वाघ आहे म्हणून एवढी किंमत मोजली गेली. आमच्याकडे वाघ नाही. पण बिबट्या आहे, गवा आहे, उदमांजर आहे, साळिंदर आहे, खवल्या मांजर आहे. खवल्या मांजराच्या रक्षणासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावांबरोबर राहून काम केलंय. त्याच प्राण्याला काँक्रीटचा सलग दुभाजक म्हणजे न चढता येणारी भिंत. अर्धा रस्ता ओलांडतं, मध्ये अडकतं, परत फिरतं, आणि तेवढ्यात दिवे येतात. त्याला 750 मीटरचा पूल नको. पऱ्यासाठी टाकलेली मोरी पाइपऐवजी चौकोनी पेटीची, माणूस उभा राहील एवढी आणि एका कडेला कोरडी पायवाट असलेली केली तर तेवढ्यात भागतं. पाणीही जाईल, जनावरही जाईल, गुरं घेऊन जाणारा गुराखीही जाईल. काकांचं खाचरही राहील. एका मोरीत चार कामं होतात, आणि तिची जादा किंमत वाहून गेलेला भराव एकदा पुन्हा घालण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

कुणी म्हणेल, पेंच म्हणजे काही किलोमीटरचं जंगल, तुमचा 470 किलोमीटरचा रस्ता, हा खर्च देशाला झेपेल का. त्यांना मी कोकण रेल्वेकडे बघायला सांगेन. तेच डोंगर, तीच चिकण माती, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वरचा तोच पाऊस. रेल्वेलाही सुरुवातीला हा धडा रक्ताने शिकावा लागला. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, भिंती बांधल्या, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त ठेवली, आणि पावसाळी वेळापत्रक काढून गाड्यांचा वेग उतरवला. म्हणजे डोंगराचं ऐकलं. महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा हे सगळं घडून गेलं होतं, डोळ्यांसमोर होतं, काही ठिकाणी तर रूळ आणि रस्ता हाकेच्या अंतरावर आहेत. एका खात्याने शिकलेलं दुसऱ्या खात्याच्या निविदेत का उतरत नाही?

वेगाचीही गोष्ट त्यातच आली. प्रत्येक वळण सरळ करायचं, प्रत्येक चढ कापून सपाट करायचा, हा अट्टहास कशासाठी? ताशी 100 ने गाडी पळावी म्हणून. घाटातल्या दहा किलोमीटरला 50 चा वेग मान्य केला तर पाच-सहा मिनिटं जास्त लागतील. दरड पडून रस्ता बंद झाला की सहा-सहा तास जातात. उत्तराखंडात चारधाम रस्त्याच्या रुंदीवर हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञ समितीत डोंगरी रस्ता साडेपाच मीटर की दहा मीटर यावर दोन तट पडले, आणि डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने संरक्षणाची गरज लक्षात घेऊन दहा मीटरला वाट दिली. त्या प्रकल्पाबद्दलची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जवळजवळ 900 किलोमीटरचं काम 53 तुकड्यांत विभागलेलं होतं. अस्तित्वात असलेल्या महामार्गाचं रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा लांब आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन घेणारं असेल तरच त्याला पर्यावरणीय मंजुरी लागते, असा 2013 पासूनचा नियम. तुकडा 100 च्या आत असला की प्रश्नच मिटला.

आमच्या महामार्गाचंही इंदापूर ते झाराप हे अंतर दहा टप्प्यांत वाटलं गेलं. ठेके देण्यासाठी तुकडे करावे लागतात, मला मान्य आहे. पण अभ्यास तुकड्यांत करून चालणार नाही. वरच्या ठेकेदाराने डोंगराची माती नदीत जाऊ दिली तर ती खालच्या ठेकेदाराच्या पुलाखाली साठते. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यांपर्यंत पाणी चढलं. त्यानंतर लोक महिनाभर उपोषणाला बसले ते वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून. त्या पुराची कारणं अनेक होती आणि सगळा दोष रस्त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ज्या खोऱ्यात नद्या आधीच गाळाने भरल्या आहेत तिथे डोंगर कापताना निघालेली माती कुठे टाकणार, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. मी स्वतः डंपर पऱ्याच्या काठावर माती ओतून जाताना बघितलेत. ठेकेदाराचं तेवढ्यापुरतं अंतर वाचलं. ती माती पुढच्या पावसात कुठे गेली त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही.

माझ्या मागण्या त्यामुळे फार मोठ्या नाहीत. मोजणी एकदा उन्हाळ्यात झाली तर दुसरी भर जुलैमध्ये व्हावी, आणि तिच्यावर ग्रामपंचायतीची सही असावी. मोऱ्यांची मापं पाच-दहा वर्षांच्या सरासरीवर न ठरता 2021 सारख्या दिवसाच्या पावसावर ठरावीत. मातीची प्रत्येक खेप कुठून निघाली आणि कुठे पडली याची नोंद बिलाला जोडलेली असावी. घाटात जमीन जास्त घ्या, योग्य मोबदला देऊन घ्या. सपाटीवर झाड तोडण्याआधी ते नेमकं कोणत्या पट्टीत येतं ते दाखवा. आणि या गोष्टी झाल्याशिवाय काँक्रीटचा पहिला थर पडू नये.

आणखी एक बोलायला हवं, जरी ते ऐकायला अनेकांना आवडणार नाही. हा एक रस्ता धड पूर्ण होण्याआधीच कोकणात पेणपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पात्रादेवीपर्यंत वेगळ्या द्रुतगती महामार्गाची आखणी झाली, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम हाती घेतलं गेलं, आणि शक्तिपीठ महामार्गही येऊन टेकणार तो पात्रादेवीलाच. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये आमची पट्टी किती चिंचोळी आहे ते नकाशात बघा. तिच्यात एकाला एक समांतर किती रस्ते घालणार? तेवढाच ध्यास कोकण रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचा घेतला असता तर? रोहा ते वीर एवढंच दुहेरीकरण 2021 पर्यंत झालं. त्यापुढे गाड्या अजून एकमेकींसाठी स्टेशनात थांबून राहतात. ज्या चाकरमान्याला गणपतीत खात्रीचं तिकीट मिळेल तो गाडी घेऊन रस्त्यावर उतरणारच नाही. रस्ता रुंद करण्याइतकंच रस्त्यावरची गर्दी कमी करणंही रस्त्याचंच काम आहे.

मागच्या पावसात आम्ही वाडीतल्या सात-आठ जणांनी एक काम केलं. दोन दिवस छत्र्या घेऊन महामार्गाच्या वरच्या अंगाने चाललो आणि गावाच्या हद्दीत रस्त्याला आडवा जाणारा प्रत्येक पऱ्या कागदावर उतरवला. कुठे आहे, पाणी किती रुंद, किती खोल, खाली मोरी आहे की नाही. काका पुढे, हातात काठी, पाण्यात उभी करून ते मोजायचे आणि माझी पुतणी लिहायची. एकूण अकरा निघाले. मोऱ्या होत्या सात. दोन पऱ्ये कुठे गेले ते काकांनाही आधी कळेना. मग भरावाच्या पायाशी मातीतून पाणी पाझरताना दिसलं. तो कागद ग्रामसभेच्या ठरावासोबत महामार्गाच्या कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. काकांच्या खाचराशेजारचा पऱ्या त्यात चौथ्या क्रमांकावर आहे : रुंदी नऊ फूट, खोली कमरेइतकी, पाइप तीन फुटी.